आम्रमोहोर आणि जठरव्रण : परंपरेची डोळस कसोटी

(आरोग्यविषयक व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



फाल्गुन वद्य प्रतिपदेच्या रकान्यात पंचांगकर्ते धूलिवंदनाच्या जोडीला आणखी एक शब्द छापतात. तो शब्द म्हणजे ‘आम्रकुसुमप्राशन’. वसंतोत्सवाच्या प्रारंभी आंब्याचा मोहोर चंदनासह प्राशन करावा, असा हा जुना विधी. आज धुळवडीचे रंग घरोघर खेळले जातात, मोहोर मात्र पंचांगाच्या रकान्यातच राहिला आहे. वसंतपंचमीला सरस्वतीच्या चरणी वाहिला जाणारा, मदनाच्या पाच बाणांत गणला गेलेला हा मोहोर पूजेत होता, काव्यात होता आणि वैद्यांच्या औषधांतही होता.

या मोहोराची आठवण विज्ञानाला २००६ साली झाली, आणि तीही ब्राझीलमध्ये. तेथील साओ पावलो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी मध्य अमेरिकेतील सहकाऱ्यांसह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षकच एक प्रश्न होते : आंब्याच्या फुलांचा काढा जठरव्रणावरील औषध म्हणून वापरता येईल काय? आजच्या विवेचनाचा विषय हाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना मोहोराचे गुण तर कळतातच, शिवाय आपल्या वारशाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हेही कळते.

जठराची तटबंदी

प्रथम जठराची रचना समजून घ्यावी लागेल. मनुष्याच्या जठरात दररोज सुमारे दीड ते दोन लिटर जठररस पाझरतो. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि प्रथिनांचे विघटन करणारे पेप्सिन असते. मांसासारखा पदार्थ पचविणारा हा रस जठराच्या स्वतःच्या भिंतीला, जी मांसाचीच बनलेली आहे, का पचवीत नाही? याचे उत्तर निसर्गाने उभारलेल्या तटबंदीत आहे.

या तटबंदीचे चार भाग आहेत. पहिला भाग म्हणजे अंतस्त्वचेवर पसरलेला बुळबुळीत श्लेष्माचा थर. दुसरा भाग म्हणजे त्या थरात पाझरणारे बायकार्बोनेट. त्यामुळे थराच्या वरच्या बाजूस तीव्र आम्ल असले, तरी खालच्या पेशींपाशी ते जवळजवळ निष्प्रभ झालेले असते. तिसरा भाग म्हणजे अंतस्त्वचेला होणारा अखंड रक्तपुरवठा. चौथा भाग म्हणजे पेशींचे नूतनीकरण. जठराच्या पृष्ठभागावरील पेशी काही दिवसांतच झडतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये या व्यवस्थेतील किल्लेदाराचे काम करतात. श्लेष्मा, बायकार्बोनेट आणि रक्तपुरवठा या तिन्हींवर त्यांची देखरेख असते.

ही तटबंदी शाबूत असते तोवर आम्ल हे पचनाचे साधन असते. ती ढासळली की तेच आम्ल भिंतीला खड्डा पाडते. हा खड्डा म्हणजे व्रण, ज्याला सर्वसामान्यपणे ‘अल्सर’ म्हटले जाते. तो जठरात होतो, तसाच लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातही होतो.

जाग, चिंता आणि तिखट?

व्रण कशाने होतो, या प्रश्नाला जगभर अनेक दशके एकच उत्तर दिले जात असे : चिंता, जागरण आणि तिखट-तेलकट आहार. या समजुतीला १९८२ साली तडा गेला. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या दोन वैद्यकशास्त्रज्ञांनी जठरात राहणारा एक वक्राकार जीवाणू शोधला. त्याला पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळाले. इतक्या तीव्र आम्लात जीवाणू जगूच शकत नाहीत, असे तोपर्यंत मानले जात होते. विरोधकांना पटावे म्हणून मार्शल यांनी १९८४ साली त्या जीवाणूंचे द्रावण स्वतः प्राशन केले आणि जठरदाह ओढवून घेतला. दोघांना २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज हे सिद्ध झाले आहे की, व्रणाच्या दोन प्रमुख कारणांपैकी एक हा जीवाणू आहे.

दुसरे कारण प्रत्येक घराच्या औषधाच्या डब्यात आहे. ते म्हणजे वेदनाशामक गोळ्या. जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवून दिले की, ॲस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थांबवितात. त्यामुळे वेदना कमी होते, सूज उतरते. परंतु त्याच वेळी जठराच्या तटावरचा किल्लेदारही पदच्युत होतो. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेणारी आजी, डोकेदुखीवर रोज एक गोळी घेणारा नोकरदार, या सर्वांच्या जठराची तटबंदी आतून पोखरली जात असते. धूम्रपान व मद्यपान त्यात भर घालतात. तिखटाने त्रास वाढू शकतो, पण व्रणाचे मूळ बहुतेक वेळा अन्यत्र असते.

ग्रंथांतील नोंद

भारतीय वैद्यकाला या व्याधीची ओळख जुनी आहे. काश्यपसंहितेत अम्लपित्ताचे स्वतंत्र विवेचन आढळते. माधवकरांच्या माधवनिदानात ‘परिणामशूल’ आणि ‘अन्नद्रवशूल’ अशा दोन व्याधींचे वर्णन आहे. अन्न पचत असता उठणारा शूल तो परिणामशूल. अन्न पचलेले असो वा नसो, कोणत्याही पथ्याने न थांबणारा आणि वमनानंतरच शमणारा तो अन्नद्रवशूल. दुर्बीण पोटात घालून पाहण्याची सोय नसताना, केवळ रुग्णाच्या सांगण्यावरून आणि सूक्ष्म निरीक्षणावरून हा भेद नोंदविला गेला. आजचे अनेक अभ्यासक त्यात आतड्याच्या व जठराच्या व्रणांशी साम्य पाहतात.

आंब्याच्या मोहोराबद्दल सोळाव्या शतकातील भावप्रकाशात नोंद आहे. मोहोर शीत, रुचिकर व ग्राही, म्हणजे स्तंभन करणारा असून, अतिसार, कफ, पित्त, प्रमेह आणि रक्तदुष्टी यांवर तो उपयुक्त मानला आहे. तो वात वाढवितो, हा दोषही तेथेच सांगितला आहे. या यादीत परिणामशूलाचे नाव नाही, हे प्रामाणिकपणे ध्यानात घेतले पाहिजे. मोहोराने अल्सर बरा होतो असे आपल्या पूर्वजांनी लिहून ठेवले आहे, असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. त्यांनी लिहिले ते मोजून-मापून लिहिले. त्यात नसलेले घालणे हा अभिमान नव्हे.

आंब्याचा सातासमुद्रांपलीकडचा प्रवास

मग ब्राझीलच्या संशोधकांना मोहोर कोठून सुचला? त्यासाठी इतिहासात डोकवावे लागते. आंबा मूळचा आपल्याच भूभागातला. गोव्यात आलेल्या पोर्तुगीजांनी येथे कलमे बांधण्याची कला रुजविली. ज्या हापूसचा कोकणाला अभिमान आहे, त्याचे ‘आल्फोन्सो’ हे नाव त्या काळाची खूण आहे. त्याच पोर्तुगीजांच्या गलबतांतून आंबा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि पुढे ब्राझीलमध्ये गेला. अठराव्या शतकात तो कॅरिबियन बेटांवर पोहोचला. तेथील जनसामान्यांनी या परक्या झाडाला आपलेसे केले आणि पोटाच्या विकारांसाठी त्याच्या फुलांचा काढा घेऊ लागले. संशोधकांनी आपल्या प्रयोगाचा आधार म्हणून कॅरिबियनमधील याच लोकोपचाराचा उल्लेख केला आहे. झाड आपले, उपचार तेथल्या लोकांचा आणि कसोटी ब्राझीलच्या प्रयोगशाळेची, असा हा योग आहे.

प्रयोगाने काय दाखविले?

संशोधकांनी अर्क काढण्यासाठी कोणतेही विदेशी द्रावक वापरले नाही. त्यांनी पाण्यात उकळून काढाच केला. आयुर्वेद ज्याला क्वाथ म्हणतो, तोच हा प्रकार. हा काढा उंदीर व घुशीच्या जातीच्या प्रयोगशाळेतील प्राण्यांना देण्यात आला. प्रथम विषारीपणाची परीक्षा झाली. शरीराच्या दर किलो वजनास ५ ग्रॅम इतक्या मात्रेपर्यंत एकवार दिलेल्या काढ्याने विषबाधेची लक्षणे दिसली नाहीत.

त्यानंतर मुख्य परीक्षा. मद्यार्क पाजला असता प्राण्याच्या जठराला तीव्र इजा होते. काढा न मिळालेल्या गटात या इजेचा निर्देशांक ८९ होता. आधी काढा दिलेल्या गटांत, दर किलोस २५० मिलिग्रॅम मात्रेला तो ९.२५ वर आला, ५०० मिलिग्रॅमला ४.५० वर आला, आणि १००० मिलिग्रॅमला इजा दिसलीच नाही. मानसिक-शारीरिक ताणामुळे होणाऱ्या इजेतही असाच मात्रेगणिक लाभ दिसला. जठरातील आम्लाचे प्रमाण घटले. ॲसेटिक आम्लाने मुद्दाम निर्माण केलेला व्रण १४ दिवसांच्या उपचाराने अधिक वेगाने भरून आला. म्हणजे काढ्याने संरक्षण दिले आणि दुरुस्तीलाही हातभार लावला.

हे कसे घडते, तेही तपासले गेले. पेशींमधील गंधकयुक्त संयुगे निकामी करणारे एक रसायन आधी दिले, तेव्हा काढ्याचे संरक्षण ९५ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर घसरले. रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती रोखली, तेव्हा मात्र संरक्षण ९९ वरून ८० टक्क्यांपर्यंतच उतरले. याचा अर्थ, मोहोराचा काढा मुख्यतः पेशींच्या अंगभूत गंधकयुक्त कवचाच्या साह्याने काम करतो. काढ्याच्या घटकांत निम्म्याहून अधिक, सुमारे ५३ टक्के, पॉलिफेनॉल वर्गाची द्रव्ये आढळली. कच्च्या सुपारीला किंवा हिरड्याला जो तुरटपणा येतो तो याच वर्गातील द्रव्यांमुळे. कषाय रसाचे औषध ‘ग्राही’ असते, हे वैद्यांचे निरीक्षण येथे आठवल्यावाचून राहत नाही.

एक निकाल उलटा

येथवरचे ऐकून कोणासही वाटेल की, मोहोर गोळा करावा, उकळावा आणि प्यावा. परंतु त्याच शोधनिबंधात आणखी एक निकाल आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

पायरॉक्सिकॅम हे सांधेदुखीवरचे एक प्रसिद्ध वेदनाशामक. त्याने जठराला होणारी इजा मोहोराने टळते काय, हे पाहण्यात आले. येथे चित्र उलटे निघाले. काढ्याची मात्रा जसजशी वाढविली, तसतसे त्याचे संरक्षण कमी होत गेले. ‘थोड्याने गुण आला, तर अधिकाने अधिक येईल’ हा घरगुती तर्क येथे सपशेल फसला. आणि हा तर्क नेमका तेथे फसला, जेथे आपल्या घरांतील धोका सर्वाधिक आहे. गुडघ्यासाठी गोळी घ्यायची आणि पोटासाठी काढ्याचे दोन पेले जास्त घ्यायचे, हा मार्ग सुरक्षित नाही, असे हा प्रयोग सुचवितो.

संशोधकांना हा निकाल लपविता आला असता. त्यांनी तो लाभाच्या आकड्यांच्या शेजारीच मांडला. भावमिश्रांनी मोहोराच्या गुणांच्या पंगतीतच त्याचा वातवर्धक दोष सांगितला होता. चारशे वर्षांचे आणि दोन खंडांचे अंतर असूनही ही शास्त्रनिष्ठा एकाच जातीची आहे.

शिवाय हे सारे प्राण्यांवरील प्रयोग आहेत. मनुष्याच्या व्रणावर मोहोराचा काढा गुणकारी ठरतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही. लवंगेचेही असेच. लवंग म्हणजे वाळलेली कळीच. तिच्या तेलातील युजेनॉल जठरातील श्लेष्मा वाढवून संरक्षण देते, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलच्याच एका प्राण्यांवरील अभ्यासात दिसले. ते आशादायक आहे, परंतु तेवढ्यावरून लवंगेचे तेल पोटात घेणे हा अविचार ठरेल. शुद्ध तेल अंतस्त्वचेला दाह करू शकते.

ज्येष्ठमधाचा धडा

वनस्पतीपासून व्रणाचे औषध खरोखर तयार होऊ शकते काय? होऊ शकते, आणि झालेही आहे. हॉलंडमधील रेव्हर्स या डॉक्टरांना १९४० च्या दशकात आढळले की, ज्येष्ठमधाचा घट्ट रस घेणाऱ्या रुग्णांचे व्रण भरून येतात. आपल्याकडे यष्टिमधु म्हणून प्राचीन काळापासून वापरात असलेली हीच मुळी. पुढे तिच्यातील घटकापासून कार्बेनोक्सोलोन हे औषध बनले आणि १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये ते व्रणासाठी दिले जाऊ लागले. त्या वेळी जठरव्रण भरून आणणारी औषधे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

परंतु रेव्हर्स यांनी आणखीही काही पाहिले होते. काही रुग्णांच्या चेहऱ्यावर व पायांवर सूज येत होती. ज्येष्ठमधातील तेच द्रव्य शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते, पोटॅशियम घटविते आणि रक्तदाब वाढविते. म्हणून पुढे अधिक सुरक्षित औषधे आल्यावर कार्बेनोक्सोलोन मागे पडले. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी आहे, ही समजूत किती भ्रामक आहे, ते यातून कळते. ज्यात गुण देण्याची शक्ती असते, त्यात अपाय करण्याचीही शक्ती असू शकते. दोन्हींची मोजदाद केल्यावरच द्रव्याचे औषध होते.

घरात काय करावे?

या विवेचनातून कुटुंबांनी कोणता बोध घ्यावा? पहिला असा की, बागेतील मोहोर आणून त्याचा काढा करू नये. भुरी रोग व तुडतुडे यांपासून मोहोराचे रक्षण करण्यासाठी बागायतदारांना मोहोर येण्याच्या काळात वारंवार फवारण्या कराव्या लागतात. जो मोहोर डोळ्यांना सुंदर दिसतो, त्यावर कीटकनाशकाचा अंश असू शकतो. तसेच आंबा हा बिब्बा व काजू यांच्या कुळातला. त्याच्या चिकाने अंगावर फोड उठतात, हे कोकणातील प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्याच्या त्वचेला हा चीक बाधतो, त्याने मोहोरापासून दूरच राहावे.

दुसरा बोध असा की, वारंवार होणारी पोटदुखी व जळजळ अंगावर काढू नये. भूक मंदावणे, वजन घटणे, कारण नसता थकवा येणे व रक्त कमी होणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, पोटात अचानक सुरी खुपसल्यासारखी कळ, यांपैकी काहीही झाल्यास एक घटकाही न दवडता रुग्णालय गाठावे. जीवाणूमुळे झालेला व्रण अँटिबायोटिक आणि आम्लरोधक औषधांच्या साधारण दोन आठवड्यांच्या संयुक्त उपचाराने मुळापासून बरा होऊ शकतो. तो उपचार मध्येच सोडू नये. काढ्याने जळजळ शमली म्हणून जीवाणू गेला, असे होत नाही. कित्येकदा वेदना दबते आणि आतला व्रण वाढत राहतो.

तिसरा बोध वेदनाशामकांविषयी. ज्येष्ठांनी या गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून दीर्घकाळ घेऊ नयेत. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिली असेल, तर ती स्वतःच्या मनाने बंदही करू नये. पोटाचा त्रास डॉक्टरांना सांगावा. आयुर्वेदीय उपचार घ्यावयाचे असतील, तर ते पदवीधर वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यावेत आणि दोन्ही चिकित्सकांना दोन्ही औषधांची माहिती द्यावी. संकोचाने लपविलेली गोळी ही रोगाइतकीच घातक ठरते.

अभिमानाची दुसरी पायरी

हळदीची कथा येथे अनेकांना आठवेल. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक अनुसंधान परिषदेने त्याला आव्हान दिले. प्राचीन व आधुनिक ग्रंथांतील पुरावे सादर झाले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. देशाने तो विजय योग्यच साजरा केला. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथालय-प्रकल्प उभा राहिला.

तथापि, त्या विजयाचा नेमका अर्थ समजून घेतला पाहिजे. हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून होते, एवढे त्यातून सिद्ध झाले. ते ज्ञान किती अचूक आहे, कोणत्या रुग्णाला किती मात्रेत लाभते, कोणाला अपाय करते, हे पेटंट कार्यालय ठरवीत नाही. ते प्रयोगशाळा आणि रुग्णालय ठरविते. मालकी सिद्ध करणे ही अभिमानाची पहिली पायरी. सत्यता सिद्ध करणे ही दुसरी, आणि ती अधिक कष्टाची आहे.

आंब्याच्या एका तुऱ्यावर शेकडो, कित्येकदा हजारो फुले येतात. त्यांतून पिकलेले फळ हाती लागते ते एखाद-दुसरे. उरलेली सारी फुले झाडाखाली गळून मातीला मिळतात. आंब्याची भूमी आपली, मोहोराची नोंद आपल्या ग्रंथांत, कृषी विद्यापीठे आपली, आयुर्वेदाची महाविद्यालये आणि औषध-संशोधनाच्या संस्थाही आपल्या. फवारणीविना वाढविलेल्या झाडांचा मोहोर घेऊन, त्याच्या काढ्याचे प्रमाणीकरण करून, नोंदणीकृत वैद्यकीय चाचण्यांतून त्याची परीक्षा घेण्याचे काम या भूमीतील तरुण वैद्य आणि रसायनशास्त्रज्ञ यांना करता येण्यासारखे आहे. त्या परीक्षेत मोहोर उत्तीर्ण झाला, तर जगाला एक औषध मिळेल. अनुत्तीर्ण झाला, तर एका भ्रमातून रुग्णांची सुटका होईल. दोन्ही परींनी लाभ समाजाचाच आहे.

पुढच्या फाल्गुनात पंचांगातील ‘आम्रकुसुमप्राशन’ हा शब्द पुन्हा डोळ्यांसमोर येईल. त्या दिवशी घरातील मुलांना मोहोर दाखवावा, त्याचा गंध घेऊ द्यावा, ग्रंथांत त्याच्याविषयी काय लिहिले आहे ते सांगावे आणि ब्राझीलमधील तो प्रश्नही सांगावा. त्या प्रश्नाचे अंतिम उत्तर अजून कोणी दिलेले नाही. ते शोधण्याची इच्छा एखाद्या मुलाच्या मनात जागी झाली, तर तो वसंतोत्सव सार्थकी लागला असे म्हणता येईल.